एकोणीस पावलं

प्रिय ठमे,

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. टेबलावर चष्म्याच्या डबीखाली ठेवलंय. येता-जाता ते दिसतं आणि येता-जाता मी दुसरीकडे बघतो. तुझी आई तुझ्याकडे असल्यामुळे इथे मला टोकणारं कोणी नाही, नाहीतर तिने पहिल्याच दिवशी कागद आणि पेन माझ्यापुढे आदळलं असतं. फोन करावा असं दोनदा वाटलं. पण तुला ठाऊक आहे, फोनवर मी माणसासारखा बोलत नाही. अकरा वर्षं तळावरच्या त्या फोनच्या टेबलावर काढल्यावर रिसीव्हर कानाला लागला की तोंडातून सातच प्रश्न निघतात. कुठून बोलताय, काय झालंय, शुद्धीवर आहे का, श्वास कसा चाललाय, वय, वजन, आणि उतरायला मोकळी जागा आहे का. मागच्या आठवड्यात गॅसवाल्याचा फोन आला, तर मी त्यालाही विचारलं, शुद्धीवर आहात का. तो म्हणाला, आहे साहेब, अजून तरी. म्हणून पत्र लिहायला बसलोय.

घरची खबर एवढीच की घर आहे. गुडघा थंडीत कुरकुरतो आणि उन्हात गप्प बसतो. भात मला अजून जमत नाही, एकतर पेज होते नाहीतर छर्रे. तुझी आई परवा सांगत होती की तुझी छोटी आता चार पावलं टाकते, मग धपकन बसते आणि बसावं लागलं म्हणून स्वतःवरच चिडते. ते ऐकून हसलो. फोन ठेवल्यावर मात्र हसू टिकलं नाही. हल्ली असं होतं. काही चांगलं कानावर आलं तरी ते पुरतं चांगलं वाटत नाही, कारण ते चांगलं कुठल्या दिवसाला जोडलेलं आहे हे मला माहीत असतं. जेवण जात नाही असं नाही, जेवतो. झोपही लागते. पण सकाळी डोळे उघडले की पहिले दोन-तीन क्षण बरे जातात आणि मग सगळं आठवतं, हे अकरा महिने रोज चाललंय.

तुझं पत्र आता मला पाठ झालंय. तू लिहितेस की वर्षभर मी तुमच्याशी तुटक वागले, बाबा, कारण तुम्ही माझ्यासाठी एकदाच विचारलंत. हेलिकॉप्टरचे कॅप्टन खिंड बंद आहे, जाता येणार नाही म्हणाले आणि तुम्ही ते मान्य केलंत, दुसऱ्यांदा विचारलं नाहीत. आता छोटी कुशीत असते तेव्हा वाटतं, तुम्ही नियमाचे माणूस, तुम्ही दुसरं काय करणार होतात, मी ते मनातून काढून टाकलंय. आणि खाली लिहितेस की छोटीच्या पहिल्या वाढदिवसाला तुम्ही तिघं कॅप्टनच्या आईकडे जाणार आहात. मोठी झाली की छोटीला तू सांगणार आहेस, एका माणसाने आधी नाही म्हटलं होतं, पण त्याला राहवलं नाही आणि तो आपण होऊन निघाला. आपण होऊन निघाला, हे तीन शब्द नऊ दिवस माझा पिच्छा सोडत नाहीत. तू मला मोठ्या मनाने माफ केलंस, ठमे, पण जे मी केलंच नाही त्यासाठी केलंस.

तू चौथीत असताना एक निबंध लिहिला होतास, माझे बाबा. त्यात होतं, माझे बाबा सैन्यात आहेत पण ते लढत नाहीत, ते लोकांना हेलिकॉप्टरमधून दवाखान्यात नेतात, आणि घरी आल्यावर लढतात. तुझ्या बाईंनी शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ मारली होती आणि तुझी आई आठवडाभर हसत होती. पण काम तू बरोबर सांगितलं होतंस. डोंगरापलीकडच्या गावांना रस्ता वर्षातून चार महिने असतो आणि आठ महिने असल्यासारखा वाटतो. तिथल्या आजारी माणसाला हवेतून आणायचं तर आपल्या तळावरच्या दोन हेलिकॉप्टरांशिवाय या देशात कोणाकडे काही नाही. लोकांचा केवढा विश्वास. एका आजोबांनी बकरी अडली म्हणून फोन केला होता आणि नाही म्हटल्यावर बकरीचं वय आणि वजन न विचारताच सांगितलं. एका बाईचा पाय तीन ठिकाणी मोडला होता, पण नवीन चपला आणल्याशिवाय ती स्ट्रेचरवर आडवी होईना. मी तेव्हा टेबलावर नव्हतो, मेकॅनिक म्हणून बरोबर असायचो, चपला मीच शोधल्या. ते दिवस बरे होते. मोडलेली वस्तू समोर असायची आणि दुरुस्त तरी व्हायची.

मग तो जुना अपघात झाला, ज्यात माझा गुडघा गेला असं तू लोकांना सांगतेस. गुडघा गेला तो अवशेष उतरवताना घसरलो म्हणून, हेलिकॉप्टरमध्ये मी नव्हतोच. त्या दिवशी टेबलावरच्या माणसाने पायलटला सांगितलं होतं, साहेब, दोन लहान मुलं आहेत, भाजलीत. हवा वाईट होती. पायलटलाही दोन लहान मुलं होती. तो गेला आणि विजेच्या तारेत अडकला, बरोबरचे तिघंही गेले. आम्ही त्यांना गोळा करून आणलं. त्यानंतर मला टेबल मिळालं, आणि बसल्याबसल्या पहिलं काम मी काय केलं असेल तर नियम लिहिला. वर पाठवला, मंजूर झाला, आणि माझ्याच अक्षरात काचेमागे भिंतीवर लागला. पायलटला रुग्णाबद्दल काहीही कळता कामा नये. कोण आहे, किती वर्षांचा आहे, जगेल की नाही, काही नाही. पायलटने फक्त आभाळाकडे बघायचं. जाता येतं की नाही एवढंच त्याने सांगायचं, आणि ते सांगून झाल्यावर, हवा बदलल्याशिवाय, पुन्हा विचारायचं नाही. टेबलावरचा माणूस रुग्णाला ओळखत असेल तर त्याने टेबलाखालची घंटा दाबायची आणि उठून ड्यूटीवरच्या जोडीदाराला जागा द्यायची.

पायलटांची खोली मीच मागच्या बाजूला हलवून घेतली. टेबलापासून त्यांच्या दारापर्यंत एकोणीस पावलं होतात, वळण धरून. कॉल आला असताना टेबलावरच्या माणसाने त्या दाराशी जायचं नाही, कारण माणूस तोंडाने गप्प राहतो पण चेहऱ्याने राहत नाही, हे मी नव्या मुलांना शिकवताना दर वेळी सांगायचो. मधे फक्त इंटरकॉम. मी बटण दाबून विचारायचो, खिंड? तिकडून उत्तर यायचं, उघडी, किंवा बंद. बस. अकरा वर्षांत मी एक्केचाळीस वेळा 'बंद' ऐकलं आणि एक्केचाळीस वेळा फोनवर खाली वाट बघणाऱ्या माणसाला सांगितलं की हेलिकॉप्टर येऊ शकत नाही. लोक रडायचे, शिव्या द्यायचे. एक बाप मात्र शांत आवाजात म्हणाला होता, साहेब, तुमची मुलगी असती तर? मी म्हणालो, तरी हेच सांगितलं असतं. मला ते अगदी खरं वाटायचं. मी त्या रात्री घरी येऊन तुझ्या आईला सांगितलंही, जरा ऐटीतच. ती भांडी घासत राहिली.

कॅप्टनला तू एकदाच भेटलीस, तळ बघायला आली होतीस तेव्हा. तुझ्या छत्रीची काडी त्याने दोऱ्याने बांधून दिली होती, आठवतं का? सगळ्या तळाच्या मोडक्या छत्र्या त्याच्याकडे असायच्या. ड्यूटीवर काम नसलं की मांडीवर छत्री, दातात दोरा. आम्ही त्याला छत्रीवाला म्हणायचो. आणि पाठीमागे घाबरट म्हणायचो, तेही त्याला माहीत होतं. माझ्या एक्केचाळिसातले सव्वीस 'बंद' त्याचे एकट्याचे. एकदा मी त्याला चिडवलं तर म्हणाला, घाबरट पायलट म्हातारा होतो, साहेब, आणि मला म्हातारं व्हायचंय, अजून फार छत्र्या राहिल्यात. तो ड्यूटीवर असला की मला बरं वाटायचं. त्याने उघडी म्हटलं म्हणजे खिंड खरोखर उघडी असायची.

त्या दिवशी सकाळी दहा चाळीसला फोन वाजला. मी पहिला प्रश्न विचारला आणि तिकडून जावईबापूंनी डोंगरापलीकडच्या, तू शिकवतेस त्या शाळेचं नाव सांगितलं. त्यांनी माझा आवाज ओळखला नाही, इतके ते घाबरले होते. मी त्यांचा ओळखला. तरी पुढे विचारत गेलो. काय झालंय? आठवा महिना आहे, रक्त थांबत नाही. शुद्धीवर आहे का? आहे. वय? तुझं वय, ठमे, मी परक्या माणसासारखं विचारलं आणि ते सांगेपर्यंत थांबलो. तू किती वाजता जन्मलीस ते मला मिनिटापर्यंत माहीत आहे. वजन विचारलं. मोकळी जागा म्हणजे शाळेचं मैदान, तेही लिहिलं. त्या क्षणी टेबलाखालची घंटा दाबायची होती. जोडीदार भिंतीपलीकडे कॅन्टीनमध्ये होती, अर्ध्या मिनिटात आली असती. माझं बोट घंटेवर होतं. पण ती आली असती तर तिने नियमाप्रमाणे विचारलं असतं आणि जे उत्तर येईल ते सांगितलं असतं, आणि माझ्या हातात काही राहिलं नसतं. मी बोट काढून घेतलं.

दहा सेहेचाळीसला मी इंटरकॉमचं बटण दाबून विचारलं, खिंड? आवाज स्थिर होता, टेपवर आहे, मी नंतर ऐकलाय. कॅप्टन म्हणाला, बंद. मी फोनवर परत आलो आणि जावईबापूंना सांगितलं की हेलिकॉप्टर येणार नाही, थांबू नका. खाट काढा, जमतील तेवढी माणसं घ्या, तिचे पाय उंच ठेवा, दरड कोसळलीय ती चालत पार करा, पलीकडे मी गाडी पाठवतो. ते म्हणाले, चार तास लागतील. मी म्हणालो, म्हणून आत्ता निघा. गाडीचा निरोप दिला. हे सगळं मी नीट केलं. याच्यामुळेच तू वाचलीस. दुपारी पावणेचारला तू दवाखान्यात पोचलीस आणि डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. त्यानंतरची, म्हणजे दहा एकोणपन्नासपासूनची चार मिनिटं मी आजवर कोणाला सांगितलेली नाहीत.

हेलिकॉप्टर खिंडीत कोसळलं त्याच्या चौकशीचं तुला माहीत आहे, पेपरात आलं होतं. समितीत तिघं होते, सभ्य माणसं. त्यांनी टेप लावली. टेपवर कॅप्टनचं 'बंद' आहे, आणि सात मिनिटांनी इंजिन सुरू झाल्याचा आवाज आहे, आणि अकरा तेराला त्याचं शेवटचं बोलणं आहे, की ढग खाली येतोय, वळतोय. मधे काही नाही. त्यांनी मला विचारलं, तुम्ही पायलटला रुग्णाबद्दल काही बोललात का? मी म्हणालो, नाही. ते शब्दाला शब्द खरं आहे. अहवालात लिहिलं की पायलटने स्वतःचाच निर्णय कोणत्याही कारणाशिवाय फिरवला, फाजील आत्मविश्वास. आणि माझ्याबद्दल वेगळा परिच्छेद लिहिला. रुग्ण स्वतःची मुलगी आहे हे ठाऊक असताना कर्मचाऱ्याने घंटा दाबली नाही ही त्रुटी, पण त्याने एकदाच विचारलं, नकार स्वीकारला आणि नियम पाळला, हे अनुकरणीय आहे. मला प्रशस्तिपत्रक मिळालं. आता मला टेबलावर बसवत नाहीत, शिकवायला लावलंय. नव्या बॅचला मोठे साहेब माझ्याकडे बोट दाखवून ती गोष्ट सांगतात आणि मुलं माझ्याकडे बघतात. मी खाली बघतो, तर त्यांना वाटतं, केवढा विनय.

पण समितीचं एक वेळ सोड. अहवाल आल्यावर पंधरा दिवसांनी कॅप्टनची आई तळावर आली. शिवणकाम करणारी बाई, बोटांना सुईची भोकं. ती कोणावर ओरडली नाही. बाकावर बसली, आणि जो समोरून जाईल त्याला हात जोडून एकच विचारत होती. माझा मुलगा घाबरट होता हो. लहानपणी झाडावर चढला तर उतरवायला माणूस लागायचा. तो नाही म्हणाला होता ना? मग गेला कसा? लोक तिला पाणी द्यायचे आणि निघून जायचे. शेवटी ती माझ्याकडे आली. म्हणाली, भाऊ, त्या दिवशी तुम्ही होतात, तुम्हाला काही माहीत असेल. मी म्हणालो, मला काही माहीत नाही, ताई. समितीपुढे मी खरं बोललो होतो. हे खोटं होतं, आणि मी ते तिच्या डोळ्यांत बघून बोललो. जाताना तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, तुमची मुलगी वाचली, बरं झालं, माझं मेलं दुःख घेऊन बसू नका. ती अजून पत्र पाठवते. दर पत्रात शेवटी तोच प्रश्न असतो, काही आठवलं तर कळवा.

आता आठवतं ते लिहितो. जावईबापूंचा फोन ठेवला आणि मी खुर्चीतून उठलो. पाणी प्यायला उठलो, पाय आपोआप गेले, असं मी स्वतःला खूप सांगून पाहिलं. तसं नव्हतं. मला नीट माहीत होतं मी कुठे चाललोय. सातव्या पावलाला थांबलोसुद्धा. मनात म्हटलं, बोलायचं नाही, एक शब्द बोलायचा नाही, म्हणजे नियम मोडणार नाही. पळवाट मलाच सापडणार होती, कारण नियम मीच लिहिला होता. मग वळणावरून पुढे गेलो आणि त्यांचं दार उघडून उंबऱ्यात उभा राहिलो. कॅप्टनच्या मांडीवर छत्री होती, माझीच, आठ काड्यांतल्या सहा बांधून झालेल्या. नर्स थर्मासमधून चहा ओतत होती. मेकॅनिक बुटाची नाडी बांधत होता. कॅप्टनने मान वर केली. अकरा वर्षांत कॉल चालू असताना त्या दारात मी कधी आलो नव्हतो, हे त्यालाही माहीत होतं, कारण त्याला शिकवलं मीच होतं. त्याने मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित मी काही नाही म्हटलं असतं आणि परत फिरलो असतो. त्याने दातातला दोरा काढला, छत्री टेबलावर हळूच ठेवली, आणि त्या दोघांना म्हणाला, चला, खिंडीच्या तोंडापर्यंत जाऊन बघून येऊ, नाही जमलं तर परत. नर्सने थर्मासचं झाकण लावलं. जाताना कॅप्टनने माझ्या दंडाला नुसता हात लावला. मी बाजूला झालो, त्यांना वाट द्यायला.

आणि ठमे, ते पोचले असते तरी मैदानात कोणी नव्हतं. तुला खाटेवर घालून निघायला मीच सांगितलं होतं. तुम्ही निघालात आणि फोनची रेंज गेली, आणि ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या माणसांच्या बाबतीत अशी चूक मी कधी केली नाही. तीन माणसं मी रिकाम्या मैदानाकडे पाठवली. नर्सच्या घरी तिची धाकटी बहीण आहे. मेकॅनिकचे वडील अंथरुणाला खिळलेत. आवराआवर झाल्यावर माझी छत्री चिठ्ठी लावून मला परत मिळाली. ती दाराच्या मागे टांगलेली आहे, दोन काड्या तशाच मोकळ्या. मी भिजत जातो.

हे पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी, की छोटीला घेऊन तू त्या घरी जाण्याआधी मला तिथे जायचं आहे. आज सकाळी मी मोठ्या साहेबांच्या टेबलावर खरं काय झालं ते सांगणारा चार ओळींचा कागद आणि ते प्रशस्तिपत्रक ठेवून आलो. त्यांचं जे व्हायचं ते होईल. उद्या सकाळच्या गाडीने कॅप्टनच्या आईकडे निघतोय, मग उरलेल्या दोन घरी. तुला हे पेपरातून किंवा तिच्या तोंडून कळू नये, एवढंच. तू मला दिलेली माफी मी परत करतो, ती ठेवून घेणं मला झेपत नाही. तुझ्या आईला हे वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. त्या बाईला सगळं सांगून झालं की ती मला विचारेल, भाऊ, पुन्हा तशी वेळ आली तर? मी दोन दिवस आरशापुढे उभा राहून 'नाही' म्हणून बघतोय, ते तोंडातून निघत नाही. तुला वर्षभर वाटत होतं की तुझा बाप तुझ्यासाठी खुर्चीतून उठला नाही. उठला होता, ठमे. पुन्हा वेळ आली तर पुन्हा उठेल, आणि हे माहीत असूनही उद्या मला तिच्या दारात उभं राहायचं आहे, आणि या वेळी बोलायचं आहे.

तुझाच, तू ठेवशील तोवर,
बाबा